दिव्यानीच्या घराचं पत्र्याचं दार

१

दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून माझं तोंड बंद राह्यत नाई. राजुऱ्यात बसस्टँडच्या मागं माझं दुकान आहे. मोटार बांधतो, कूलर-मिक्सर दुरुस्त करतो, अन् या दिवसांत लायटिंगच्या माळा विकतो. माळ घ्यायले कोणी आलं की आधी माझे प्रश्न सुरू होतात. कुठी लावणार, भिंतीवर का पत्र्यावर? घरात अर्थिंग आहे का? लहान लेकरू आहे का? गिऱ्हाईक वैतागते. एक जण तर म्हणे, नईमभाऊ, माळ मागून राह्यलो, तुमची पोरगी नाई मागून राह्यलो. मी म्हटलं, पोरीचा विचार केला असता एखाद्या वेळेस, पण पत्र्याच्या घरात माळ नाई देत.

मंग मी सांगत बसतो. माळ पत्र्याच्या धारेवरून ओढायची नाई. जोड दिला तर त्यावर टेप मारायची, पन्नी गुंडाळायची नाई. ओल्या हातानं बटण दाबायचं नाई. झोपाच्या आधी पिन काढायची. अन् पूजा असो का काही असो, लायटिंग लावलेल्या घरात रबराची चप्पल पायातच ठेवायची. हे शेवटचं कोणी ऐकत नाई. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चप्पल घालून घरात कोण फिरन? माझ्या मागं लोक मले किरकिऱ्या नईम म्हणतात. माझी बायको मलिका तर तोंडावरच म्हणते.

हा किरकिरेपणा माझा जुना नाई. एका वर्षातला आहे.

२

मागल्या दिवाळीत प्रणितच्या घरी माळ मी लावली होती. त्याचं गाव आमच्यापासून नऊ किलोमीटर, कोळशाच्या खदानीले लागून. तिथी रोज दुपारी ब्लास्टिंग होते अन् घरंच्या घरं थरथरतात. प्रणित खदानीत ठेकेदाराकडं डंपर चालवे. पोरगा मोठा हसमुख. घर अर्धं विटांचं, वर पत्रे, अन् दारही पत्र्याचंच, लाकडी चौकटीवर ठोकलेलं. त्याले माळ दारावरून पार अंगणातल्या तुळशीपर्यंत पाहिजे होती. माळ पुरली नाई. मी दुसरी माळ जोडली.

टेप संपली होती. दिवस बुडून राह्यला होता, मले घरी जायची घाई होती. बिस्किटाच्या पुड्याची पन्नी फाडली, जोडावर गुंडाळली, दोऱ्यानं बांधली. म्हटलं, प्रणित, उद्या येऊन टेप मारून देतो. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. तिसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं.

दोन दिवस ब्लास्टिंगनं पत्रा हालला, पन्नी पत्र्याच्या धारेवर घासली. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीले प्रणित आंघोळ करून अनवाणी आला. त्याच्या मायनं, रुखमाबाईनं, उंबऱ्यापुढं ताजं सारवलं होतं. ओल्या सारवणावर उभं राहून त्यानं दार ढकलायले हात लावला. बस, एवढंच. रुखमाबाईनं त्याचा दुसरा हात धरून ओढला, तर ती फेकल्या गेली. तिच्या हातात शेवटी काय होतं तर त्याची बोटं, अन् तीही सुटली.

माळ मीच काढली. जोड कापून खिशात टाकला, येताना वर्धा नदीच्या पुलावरून खाली फेकला. सगळे म्हणत होते, बाजारात माल खराब येऊन राह्यला. मीही म्हटलं, हो, माल खराब. मलिकाले पण खरं सांगतलं नाई. मले लाज वाटत होती अन् भीती वाटत होती, दोन्ही.

३

यंदा लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी दिव्यानी दुकानात आली. प्रणितची बायको. वर्षभरात मी तिच्यासमोर जायचं टाळत होतो. ती बसली, पाणी प्यायली, अन् सांगू लागली.

तिच्या घरी यंदा पहिली दिवाळी. मयत झालेल्या घरात पहिल्या दिवाळीले ना माळ, ना आकाशदिवा, ना तळण. घरात एक बल्ब अन् एक पंखा, तेवढीच लाइन. तरी पंधरा दिवसांपासून दाराले हात लावला की मुंग्या येऊन राह्यल्या होत्या. दिवसा नाई, फक्त दिवेलागणीले. सासू म्हणे, काही नाई, तुले भास होते. पण दिवाळी जवळ येऊन राह्यली तसा जोर वाढून राह्यला.

"माझं जाऊ द्या भाऊ," ती म्हणाली. "काल स्वातीचा हात चिकटला. मी ओढला तवा निघाला. माझ्याजवळ आता तेवढी एक आहे."

स्वाती म्हणजे प्रणितची पोरगी, पाच वर्षांची. मी दुकान मलिकाच्या ताब्यात दिलं अन् तसाच निघालो.

मीटर पाह्यलं, कटआऊट पाह्यलं, पंख्याची वायर पाह्यली. दाराले टेस्टर लावला, टेस्टर पेटला नाई. मंग वर चढलो तर कारण समोरच दिसलं. शेजारच्या मंगरूचे पत्रे अन् यांचे पत्रे एकमेकांवर चढवलेले होते, अन् मंगरूनं त्याची माळ त्याच पत्र्यावर टाकली होती. संध्याकाळी तो माळ लावणार, करंट पत्र्यात उतरणार, पत्र्यातून दारात येणार. मले इतकं हायसं वाटलं की मी वरूनच मंगरूले शिव्या घातल्या. त्याची माळ काढली, बांबूवर बांधली, जिथी तिथी टेप मारली. दिव्यानीले सांगतलं, झालं, आता काळजी नको.

परत येताना गाडीवर मी गाणं गुणगुणत होतो. वर्षभरात पहिल्यांदा.

४

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. म्हटलं, एकदा दिवेलागणीले आपल्या डोळ्यांनी पाहून घेऊ.

रुखमाबाई उंबऱ्यावर लोट्यानं पाणी ओतत होती. सडा टाकतात तसं नाई. एका जागी, धार धरून, माती पार भिजेपर्यंत. मंग लोटा बाजूले ठेवला, पदर सावरला, अन् दारावर तळवा टेकवून उभी राह्यली. डोळे मिटले. मी धावतच गेलो. म्हटलं, बाई, जीव जाईन तुमचा, ओल्या जागेवर उभं राहून पत्र्याले हात लावता?

ती डोळे न उघडता म्हणाली, "ओल असली की बरा लागते."

कोण बरा लागते, हे मी विचारलं नाई. टेस्टर काढून तिच्या हाताच्या बाजूले दाराले लावला. पेटला नाई. मंगरूची माळ तर अजून लागलीही नव्हती. मी हाताची मागची बाजू दाराले लावून पाह्यली. काहीच नाई. पत्रा थंड.

"चप्पल काढा भाऊ," ती म्हणाली. "तशानं नाई लागत."

चाळीस वर्षं हे काम करून राह्यलो. कोणी मले असं सांगतलं असतं तर त्याले दोन ठेवून दिल्या असत्या. पण त्या बाईचा चेहरा पाहून मले काय झालं माहीत नाई. वर्षभर मी तिले असं पाह्यलं नव्हतं. ती पोटभर जेवलेल्या माणसासारखी शांत दिसत होती. मी आत गेलो, कटआऊटची ग्रिप काढून खिशात टाकली, म्हणजे घरात लाइनच उरली नाई. मंग चपला काढल्या, ओल्या मातीवर उभा राह्यलो, अन् तळवा टेकवला.

करंट मले ओळखीचा आहे. एक झटकते, एक धरते. धरला तरी एकदम धरते, कोपरापर्यंत. हे तसं नव्हतं. हे बोटाबोटानं आलं. आधी करंगळीपाशी मुंग्या, मंग तिच्या बाजूच्या बोटापाशी, मंग मधल्या. चाचपडत आल्यासारखं. अंगठ्यापर्यंत येऊन थांबलं, अन् मले असं वाटलं की हात ओळखीचा नाई म्हणून थांबलं.

मी हात काढला. खाली पाह्यलं तर स्वाती कवा आली माहीत नाई. ती माझ्या गुडघ्याजवळ उभी होती. तिच्या उंचीवर तिचा हात दारावर टेकलेला, अन् ती गालात हसून राह्यली होती. मी तिले उचललं. हात निघाला, पण निघताना चिकटपट्टी उचकटावी तसा आवाज आला.

५

घरी आल्यावर मी मलिकाले सगळं सांगतलं, म्हणजे जेवढं सांगता येईन तेवढं. रात्रभर कूस बदलत राह्यलो, अन् सकाळी उत्तर सापडलं. खदानीले जाणारी मोठी हायटेन्शन लाइन त्या घरामागच्या वावरातूनच जाते. मोठ्या लाइनच्या जवळ सुटा पत्रा असला की त्यात आपोआप थोडा करंट भरते, वायर लागो न लागो. खरी गोष्ट आहे, कोणत्याही लाइनमनले विचारा. उपायही सोपा. पत्र्याले अर्थिंग द्यायचं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळीच जाऊन मी अंगणात खड्डा खोदला. कोळसा, मीठ टाकलं, पाईप गाडला, जाड तार दारापर्यंत आणून बोल्टनं कसली. एवढी अर्थिंग गावच्या शाळेले नसन. तरी माझं मन भरलं नाई. गावचा लाइनमन चैतू माझ्या ओळखीचा. त्याले हात जोडले, म्हटलं, दिवेलागणीले दहा मिनिटं डीपीवरून सगळ्या गावाची लाइन पाड. तो म्हणे, नईमभाऊ, लक्ष्मीपूजनाले लाइन पाडली तर लोक मले गावात ठेवतील का? मी म्हटलं, लेकराच्या जिवाची गोष्ट आहे. तो बरं म्हणाला. घराघरात जाऊन त्यानंच सांगतलं. लोक कुरकुरले, पण प्रणितचं घर म्हटल्यावर कोणी नाई म्हणालं नाई.

मी ठरवलं होतं. लाइन नसताना, अर्थिंग असताना, दारात काही नाई लागलं तर आपण जिंकलो. काही लागलं तर त्याच वेळी कब्जे काढून दार खाली घ्यायचं अन् भंगारात द्यायचं. दार नसलं की लेकरू हात कुठी लावन?

दिव्यानीले मी अंगणात तुळशीजवळ उभं केलं, स्वातीले तिच्या हातात दिलं. रुखमाबाई बाजूले ओट्यावर बसली. मी पान्हा-पेचकस काढून ठेवला तशी ती पदर तोंडात धरून रडू लागली.

सूर्य गेला. गावात माळा लागल्या, फटाके सुरू झाले. मंग एकदम सगळं गाव विझलं. पणत्या तेवढ्या राह्यल्या, त्याही दुसऱ्यांच्या दारात. उंबरा रुखमाबाईनं भिजवलेलाच होता. मी चपला काढल्या अन् तळवा टेकवला.

यावेळेस चाचपडणं नव्हतं. पाची बोटं एकदम आली, माझ्या हातावर फिरली, अन् हात ओळखून झाल्यासारखी निघून गेली. तेवढ्यात मागून दिव्यानी ओरडली, स्वाती कुठी गेली?

६

ती मागच्या दारानं घरात गेली होती. दाराच्या आतल्या बाजूनं तिचा आवाज आला. लेकरं टेबल फॅनपुढं तोंड धरून बोलतात ना, तसा आवाज, तुटक तुटक.

"नईमकाका, बाबा सोडून नाई राह्यले."

दारावरचा माझा हात मोकळा होता. मी मागून धावलो. अंधारात गुडघा फुटला, कशावर आपटलो माहीत नाई. मोबाईलची बॅटरी लावली. स्वाती दाराले उजवा हात लावून टाचा वर करून उभी होती. उंबऱ्याखालून आलेलं पाणी तिच्या पायाखाली होतं. दात वाजत होते, ओठ निळे पडून राह्यले होते, अन् तरी ती हसायचा प्रयत्न करून राह्यली होती, म्हणून मले जास्त भीती वाटली.

चिकटलेल्या माणसाले हात लावायचा नाई, कोरड्या लाकडानं ढकलायचं, हे मी हजार लोकांले सांगतलं आहे. मी तिले दोन्ही हातांनी कमरेतून धरलं अन् ओढलं. मले काहीच लागलं नाई. ती हालली पण नाई. तवा मी बॅटरी तिच्या हातावर धरली.

पत्रा बाहेरून आत दाबला गेला होता. तिच्या बोटांच्या मधल्या फटींतून पत्र्याचे लांब लांब फुगवटे वर आले होते, एकेका फटीत एक, अन् मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा एक तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूले. बाहेरून दिव्यानी दारावर मुठी मारून राह्यली होती, मले तिचा आवाज येत होता. दाराच्या त्या बाजूले तिच्याशिवाय कोणी नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ते फुगवटे हळूहळू वळू लागले, मिटू लागले, अन् स्वातीनं पहिल्यांदा दुखल्यासारखा आवाज काढला.

मले माहीत होतं काय करायचं ते. वर्षभर माहीत होतं.

"प्रणित," मी म्हटलं, "जोड माझा होता. टेप नव्हती, मी पन्नी गुंडाळली. येतो म्हणून आलो नाई. माल खराब नव्हता, मी खराब होतो. पोरीचं काय चुकलं? तिले सोड. माझा धर."

अन् तिच्या हाताजवळ माझा हात ठेवला.

स्वाती माझ्या अंगावर पडली. मी डाव्या हातानं तिले मागं ढकललं, तिथी कोणीतरी तिले झेललं. रुखमाबाई होती. ती माझ्या मागं मागच्या दारातून आली होती अन् तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडं पाहू शकलो नाई. माझ्या उजव्या हातावर पत्रा मिटून राह्यला होता, बोटाबोटानं, सावकाश, अन् मी ओरडलो का नाई ते मले आठवत नाई.

दहा मिनिटं झाली तशी चैतूनं लाइन दिली. सगळं गाव एकदम पेटलं. खिडकीतून मंगरूच्या माळेचा लाल-हिरवा उजेड आत आला. दार सपाट होतं. माझा हात माझ्या छातीशी होता, अन् मूठ वळलेली होती. ती सकाळपर्यंत उघडली नाई.

७

स्वाती बरी आहे. तळहातावर चार दिवस लाली होती, दोन दिवस ताप आला. दिव्यानीनं तिले घेऊन मोहर्लीकडं माहेर गाठलं. जाताना तिनं माझ्याकडं एकदा पाह्यलं, बस. पोलिसात गेली का नाई मले माहीत नाई. मी मात्र दुकानापुढं जीप थांबली की उभा राह्यतो. दार भंगारवाल्यानं नेलं. आता तिथी गोणपाट लावलं आहे.

मलिकाले मी सगळं सांगतलं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाई. मंग एक दिवस माझा उजवा हात हातात घेऊन दाबून पाह्यला अन् म्हणाली, हा गार काऊन आहे? दिवसा तो बरा असते. मोटारी बांधतो, सोल्डर करतो. दिवेलागणीले मात्र करंगळीपासून मुंग्या येतात.

रुखमाबाई रोज येते. नऊ किलोमीटर काळीपिवळी जीपनं, कधी कोणाच्या गाडीवर. दिवस बुडायच्या वेळेले दुकानात स्टूल ओढून माझ्या समोर बसते. पहिल्या दिवशी मी तिच्या पायावर डोकं ठेवायले वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले. मले माफ कर म्हटलं, तर तिनं ऐकलंच नाई. तिनं फक्त माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

तवापासून असंच आहे. ती माझ्याकडं पाहत नाई, माझ्याशी एक शब्द बोलत नाई. हाताशी बोलते. स्वातीचा फोन आला होता म्हणते, मंगरूची म्हैस व्याली म्हणते, जेवला का रे म्हणते. मी तोंड दुसरीकडं करून बसून राह्यतो, अन् माझी बोटं, मी न सांगता, तिच्या बोटांवर मिटतात.